पिठाच्या डब्यातला कॉम्प्युटर

शहापूर आणि मुरबाड, दोन तालुके मिळून माझ्याएवढे कॉम्प्युटर कुणी हाताळले नसतील. काम हातोड्यानं फोडायचं असलं की आकडा भराभर वाढतो.

शहापुरात एका भंगारवाल्या शेठकडे मी कामाला आहे. ऑफिसातले, दुकानातले, बंद पडलेल्या सायबर कॅफेतले कॉम्प्युटर टेम्पोतून येतात आणि मी ते मोकळे करतो. पत्रा एकीकडे, तांबं एकीकडे, आतली हिरवी पाटी एकीकडे. माझं शिक्षण दुसरी. म्हंजे दुसरीत बसलो, उठलो आणि गुरं घेऊन गेलो. मराठी बोट लावून वाचतो. इंग्रजीचं म्हंजे शेजाऱ्याच्या गुरासारखं, तोंडओळख आहे पण हाक मारली तर येत नाय.

असल्या माणसानं कॉम्प्युटर बनवायला घेतला. का, ते आधी सांगतो, नायतर तुमी बोलाल याला कुत्रा चावला होता काय. चावला होता, पण ते नंतर. आधी आयचा कान.

आमचं घर शेणव्याच्या पुढं, डोंगराला लागून. आयचा कान हळूहळू गेला, त्यामुळं कुणाला कळलंच नाय. आमाला वाटायचं ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. तिला वाटायचं आमी मुद्दाम तोंडातल्या तोंडात बोलतो. सासूसुनेचं त्याच्यावरून इतकं वाजलं की बहिरं कोण तेच समजेना. शेवटी कल्याणला दाखवलं. डॉक्टरीणबाईनं कानात घालायची मशीन दिली आणि मला बाजूला घेऊन बोलली, "ही रोज घालायची. सवय मोडली तर पुढे आवाज येईल पण शब्द कळणार नाहीत. एकटं बसू देऊ नका. माणसांत ठेवा."

मी बोललो, "ठेवतो की. माणसंच माणसं आहेत घरात."

माणसं होती, पण माणसं जिथं बसायची तिथं टीव्ही होता, आणि टीव्हीच्या खाली माझा कॉम्प्युटर. गावात केबल नाय. डिश लावली तर वानरं तिच्यावर बसून डोंगराकडं बघत बसतात, आमच्याकडं चित्र येत नाय. फोनला रेंज पायजे तर बंधाऱ्यावर जाऊन उभं राहायचं, हात वर करून. म्हणून मी शेठकडनं सायबर कॅफेतला एक आख्खा कॉम्प्युटर उचलून आणला होता. शहापुरातल्या मोबाइलवाल्याकडून त्याच्या डिस्कमधे पिक्चर, कीर्तनं, भारूडं, लग्नांच्या शूटिंगी असलं सगळं भरून आणलं आणि टीव्हीला जोडलं. आयला कीर्तनाचं वेड. कीर्तनकार कुठंतरी नाना गमती सांगतो आणि मंग एकदम डोळ्यात पाणी आणतो, ते तिला लय आवडायचं.

पण तो कॉम्प्युटर चालू केला की भाताची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. आमाला सवय झाली होती, आमी त्याच्यावरून मोठ्यानं बोलायचो. आयनं मशीन घातली आणि पहिल्याच संध्याकाळी दोन्ही हात कानावर ठेवले.

"मेल्यांनी कानात गिरणी घातली," बोलली.

त्या मशीनचं तसंच असतं. माणसाचं बोलणं मोठं करते, तशी घरघर पण मोठी करते. आयनं मशीन काढली, पानाच्या चंचीत ठेवली आणि मागच्या पडवीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी पण तेच. मंग जेवणपण तिकडंच. आमी काय बोललो की "हां." जेवलीस का, हां. चहा ठेवू का, हां. एकदा मी मुद्दाम बोललो, "आय, तुझ्या पाटाखाली साप हाय."

"हां," बोलली, आणि पान लावायला घेतलं.

मी हसणारच होतो, पण हसू आलं नाय. डॉक्टरीणबाईचं बोलणं आठवलं. या बाईला आता शब्द नको झालेत. असंच चाललं तर एक दिवस ती त्या पडवीतूनच कायमची आतल्या आत निघून जाईल, आणि आमी इकडं बसून पिक्चर बघत असू.

आता कुत्रा चावला त्याचं. कुत्रा म्हंजे माझा मेव्हणा. असं बोलू नये, पण बायको वाचत नाय म्हणून लिहून घेतोय. तो वैशाखरे गावचा, आयटीआय केलेला, मुरबाडला कारखान्यात जातो. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटोवालं कार्ड. आमच्याकडं जेवायला आला तरी कार्ड काढत नाय.

त्यानं कॉम्प्युटरचा आवाज ऐकला आणि बोलला, "दाजी, हे काय लावलंय? बाजारात तयार डबी मिळते, काड्यापेटीएवढी. टीव्हीला मागं लावायची. आवाज शून्य. मी आणून देतो."

"तिला नेट लागतं ना?"

"लागतं."

"मंग नेट कुठंय इकडं?"

"ते मी काय सांगू? तुमी गाव बदला."

मी बोललो, "नको तुझी डबी. मीच एक बारीक, बिनआवाजाचा बनवतो. भंगारात सगळं पडलंय."

मेव्हण्यानं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, शांतपणे खाल्ला आणि बोलला, "दाजी, तुमी फोडायचं काम करा. जोडायला डोकं लागतं."

त्याचं लागलं नाय. त्याच्यावर बायको हसली, ते लागलं. ताट सोडून उठलो असतो, पण कालवण चांगलं झालं होतं. पूर्ण जेवलो आणि मंग रागावलो.

दुसऱ्या दिवशी शेठला विचारलं, "शेठ, थोडे सुटे भाग घरी नेऊ का?"

"ने," शेठ बोलला. "पण चालू झाले तर परत आण. चालूचा भाव वेगळा."

"आणि बंद पडले तर?"

"मंग तुझ्यासारखेच. वजनावर."

ही माझी इज्जत. तरी मी नेले. एका ऑफिसातला बारका कॉम्प्युटर आला होता, त्याचा पत्रा ट्रकखाली सापडल्यासारखा, पण आतली पाटी धड. तळहाताहून जरा मोठी. तिला लॅपटॉपचा चार्जर चालतो, म्हंजे मोठ्या कॉम्प्युटरची ती वजनदार पेटी आणि तिचा पंखा दोन्ही वाचले. एका फुटक्या लॅपटॉपातून बिनआवाजाची छोटी डिस्क काढली, ती कॉम्प्युटर चालू करायला. कीर्तनांची जुनी मोठी डिस्क घरात होतीच. मेमरीच्या पट्ट्या तर पोतंभर. कुठली कुठं बसते ते मला वाचता येत नाय, मी खाच बघतो. खाच जुळली तर बसते, नाय जुळली तर दुसरी. सोयरिकीसारखंच.

राहिली पेटी. बारकी पायजे, बंद पायजे, घरात दिसायला बरी पायजे. स्वयंपाकघरात फळीवर पिठाचा स्टीलचा डबा होता. रुंद, चकचकीत, घट्ट झाकणाचा. बायको दळणाला गेली होती. पीठ मी परातीत ओतलं आणि ड्रिल लावलं.

आमच्याकडं लग्नात भांडी देतात ती नाव घालून देतात, हे मला माहीत नव्हतं असं नाय. पण नाव कुठल्या बाजूला आहे ते बघायचं असतं, हे डोक्यात आलं नाय. पहिलं भोक मारलं ते मेव्हण्याच्या नावातून आरपार गेलं. बहिणीच्या, म्हंजे माझ्याच लग्नात त्यानं मोठ्या हौसेनं दिलेला डबा. नाव गेलं, आडनाव तेवढं राहिलं.

बायको आली. परातीतलं पीठ बघितलं, मंग डबा, मंग मी.

"माज्या माहेरचाच डबा घावला तुमाला?"

"तुझ्या भावाच्या नावाला हवा लागावी म्हणून भोक पाडलं, गो."

त्या दिवशी मला भाकरी नाय मिळाली. परातीतलं पीठ होतं, पण ते कुणी मळेना.

पाटी डब्यात ठेवली आणि चार्जर लावला. ठिणगी उडाली आणि बाहेरचा मेन पडला. स्टीलच्या डब्यात उघडी पाटी तशीच ठेवली तर खालून करंट फिरतो, एवढी अक्कल भंगारात लागत नाय, तिथं सगळं मेलेलंच येतं. पाटी गेली असं समजून मी तासभर ओट्यावर बसलो. मंग माझी जुनी स्लीपर कापून तिचे चार तुकडे पाटीखाली लावले, भीत भीत परत चार्जर लावला. पाटी जिवंत होती. आमच्या घराण्यात कुणी कॉम्प्युटर बनवला नव्हता, आणि जगात कुठल्या घराण्यानं चपलेवर बनवला नसेल.

आता त्याच्यात सिस्टीम भरायची. मोबाइलवाल्यानं एका पेनड्राइव्हवर फुकटातली घालून दिली आणि बोलला, "काय नाय, विचारेल तिथं निळ्या बटणावर दाबत जा." मी दाबत गेलो. एका ठिकाणी लांबलचक यादी आली, तिथंपण दाबलं. चालू झाला. चित्र, आवाज, सगळं. आमी घरातले सगळे कितीतरी दिवस तो वापरत होतो. चित्रं बघून दाबायचं, गाण्याचं चित्र वेगळं, पिक्चरचं वेगळं. पुढं मेव्हणा आला, पडद्याकडं बघून थांबला आणि बोलला, "दाजी, हे इंग्रजी नाय."

"मंग काय हाय?"

"काय माहीत. कुठल्यातरी देशाचं हाय."

आमच्या घरात त्या देशाचं आणि इंग्रजी, दोन्ही सारखंच. मी बदललं नाय. अजून तसंच आहे.

पण आवाज होताच. पहिल्या गिरणीसारखा नाय, पिठाच्या चक्कीसारखा. पाटीवरचा छोटा पंखा किंचाळायचा. तेव्हा मी अशी युक्ती काढली की अजून कुणाला सांगायला लाज वाटते, म्हणून सगळ्यांना सांगतो.

आमच्याकडं चुलीच्या वर माळा असतो. बियाणं तिथं, सुके बोंबील तिथं, सूप, टोपल्या, बांबू सगळं तिथं. धुरानं कशाला कीड लागत नाय. आज्याच्या काळापासून बघत आलोय, माळ्यावर ठेवलेलं कवा खराब होत नाय. आणि आमच्या घरातली मधली भिंत वरपर्यंत जात नाय, कौलाखाली मोकळी. मी डबा उचलून चुलीवरच्या माळ्यावर ठेवला आणि वायर भिंतीवरून टीव्हीला सोडली. बाहेरच्या खोलीत आवाज शून्य. मेव्हण्याची डबीसुद्धा इतकी गप नसेल.

आयला हाताला धरून आणलं, मशीन घालायला लावली. ती बसली. कीर्तन लावलं. तिनं मान डोलवली. मंग रोज यायला लागली. जेवणपण आमच्यात. सुनेला बोलली, "कालवणात मीठ कमी हाय," आणि सून चिडली, आणि मला एवढा आनंद झाला की विचारू नका. किती दिवसांनी घरात पूर्ण वाक्याचं भांडण झालं.

थंडी पडली. आंघोळीच्या पाण्याला चूल सकाळ-संध्याकाळ भडकून पेटायला लागली. एका संध्याकाळी भर कीर्तनात चित्र गेलं. परत चालू केलं, परत गेलं, आणि माळ्यावरून असा आवाज यायला लागला की बायको मांजर अडकलं म्हणून काठी घेऊन आली. आयनं मशीन काढली. कुणी काय बोलायच्या आत चंचीत घातली आणि पडवीत निघून गेली.

डबा खाली काढला. बाहेरनं काळा, आतनं काळा. पंख्याच्या पात्यांवर धुराचा डिंक बसलेला, आणि सगळ्याला सुक्या बोंबलाचा वास. मेव्हणा नेमका दुसऱ्या दिवशी आला. त्यानं डबा हुंगला.

"दाजी," बोलला, "कॉम्प्युटर धुरीवर धरून टिकवायचा असतो हे आमाला आयटीआयमधे शिकवलं नाय."

"तुमच्या आयटीआयमधे लय काय शिकवत नाय."

"बियाणं म्हणून ठेवला काय? पाऊस पडल्यावर पेरणार?"

हे झाल्यावर बायकोनंपण सांगितलं, "आता द्या सोडून. आयना मी जेवण नेऊन देत जाईन तिकडं. तो डबीचं बघंल काहीतरी."

ती चांगल्या मनानंच बोलली. पण 'तिकडं' हा शब्द मला डाचला. आयची जागा 'तिकडं' ठरून गेली होती आणि सगळ्यांना ते चालणार होतं. मी बोललो, "नाय सोडणार. आय इकडंच बसणार. डबापण इकडंच बसणार, तिच्या समोर, टीव्हीच्या खाली. आणि दोघांपैकी एकालाच आवाज काढायची परवानगी."

धूर रॉकेलनं पुसला, वास काय गेला नाय. छोटा पंखा फेकला. त्याच्या जागी झाकणाला एक मोठा बसवला, तळहाताएवढा. डिस्कला करंट नेणाऱ्या वायरींत एक पिवळी असते, एक लाल; पंखा पिवळीवर लावतात, मी लालवर जोडला. लालवर करंट कमी, पंखा दुपारच्या म्हशीसारखा सावकाश फिरतो. वारा येतो, आवाज येत नाय. हे मी कुठं शिकलो नाय. एकदा शेठकडं चुकून लावलं होतं आणि पंखा बिघडला म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या.

आता मला वाटलं झालं. माझ्या कानाला काय ऐकू येत नव्हतं. पण माझा कान काय कामाचा? ऐकायचं होतं आयला. मी पडवीत गेलो, तिच्या चंचीतून मशीन काढली, आणि माझ्याच कानात घातली.

तिरकी बसली, पण चालली. बाप रे, काय ते जग. कोंबडी पाय खाजवते तो आवाज. कौलावर पान पडलं तो आवाज. आणि भिंतीपलीकडं बायको भांडी घासताना माझ्याबद्दल जे बोलत होती ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकलं. एक-दोन गोष्टी खऱ्या होत्या.

आणि डबा. मला वाटत होता गप, तो गप नव्हता. कट-कट, कट-कट. कीर्तनाची डिस्क फिरत होती आणि तिची थरथर स्टीलला लागून आख्खा डबा ढोलकीसारखा वाजत होता. माळ्यावर होता तेव्हापण हे भिंतीवरनं तिच्या कानात येत असणार, आणि हे घेऊन ती बसत होती रोज, कीर्तनासाठी. आणि आमी बोलत होतो, बघा आता कशी खूश आहे.

सायकलची जुनी ट्यूब कापली. तिच्या पट्ट्यांवर डिस्क डब्यात आडवी टांगली, झोळीतल्या पोरासारखी, कुठं टेकायला नको. डब्याच्या आत गोधडीचा तुकडा चिकटवला, पंख्याचं तोंड सोडून. मशीन घालून ऐकलं. अजून जरा. चार्जरची बारीक किणकिण होती, तो लांब खिडकीत सरकवला. परत ऐकलं. आता कौलावरची चिमणी ऐकू आली, डबा नाय. शेजारचा चुलता दारातून बघत होता, म्हाताऱ्या आयची मशीन कानात घालून हा पिठाच्या डब्याला कान लावून बसलाय. दारातूनच परत गेला. गावात काय पसरलं असंल ते मी विचारलं नाय.

पुढच्या रविवारी मेव्हणा आला. मीच बोलावला होता, मुद्दाम. डबा टीव्हीच्या खाली, त्याच्या आडनावाची बाजू पुढं करून. तो आला, बसला, इकडंतिकडं बघितलं.

"चालू कधी करणार?"

"चालू हाय," मी बोललो.

तो वाकला. डब्यावर हात ठेवला. कार्ड डब्याला लागून टणकन वाजलं, खोलीतला तेवढाच आवाज. सरळ झाला आणि काय बोलला नाय. माणूस काय बोलत नाय ते ऐकायला मशीन लागत नाय.

मी आयला घेऊन आलो. पडवीतून उठायला ती तयार नव्हती. मशीन हातात धरून तिनं दोनदा माझ्याकडं बघितलं, परत फसवणार काय असं. मंग घातली. बसली. मी कीर्तन लावलं. ती जरा वेळ तशीच आवळून बसली होती, आवाजाची वाट बघत. आवाज आलाच नाय. तिचे खांदे खाली आले. कीर्तनकारानं कसलीतरी गंमत केली आणि आय हसली. आमच्याकडं बघून हसायची तशी नाय, आपली आपण, बरोबर जागेवर. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मेव्हण्याच्या बोलण्यावर ती हसली होती, त्याची थोडी भरपाई झाली.

मला राहवेना. मी मेव्हण्याला सांगायला घेतलं. पंखा लालवर कसा घेतला. ट्यूब कुठल्या सायकलची. स्लीपर डाव्या पायाची का कापली, उजवी का नाय. आयटीआयवाल्यांना खाच का दिसत नाय. गोधडीचं सांगितलं, चार्जरचं सांगितलं, मंग डोकं कुणाला असतं आणि कुणाला नसतं याच्यावर आलो. मेव्हणा मान हलवत होता, मी उभा राहून सांगत होतो, हात करून. कीर्तनकार रडवायच्या जागेवर आला होता.

आय माझ्याकडं वळली.

"डबा गप झालाय, आता तू गप हो," बोलली. "कवापासनं तुझंच ऐकू येतंय."